सॅक्सोफोन शिकणारे ठाणे-नवी मुंबईकर: काय ऐकता, काय वाजवता आणि कुठे वाजवता?

मासुंदा
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, हा धागा काढीन काढीन म्हणता दोन वर्षं गेली. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा आलेल्या पैशातून घरी न विचारता केलेली एकमेव खरेदी म्हणजे ऑल्टो सॅक्सोफोन. वय ५६. राहायला नौपाडा, क्लास पाचपाखाडीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी.

क्लासात आम्ही सहा जण. एक बाई कीर्तनाच्या घरातल्या, त्यांना अभंग वाजवायचेत. कॉलेजातला एक मुलगा, त्याच्या फोनमध्ये जॅझशिवाय दुसरं काही नाही. शाळेतली एक मुलगी ट्रिनिटीची (लंडनची संगीत-परीक्षा) ग्रेड देतेय, तिला काय आवडतं विचारलं तर म्हणाली, "जे परीक्षेत आहे ते." कळव्याहून येणाऱ्या एकाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये होते. त्याला नोटेशन वाचता येत नाही, पण वरातीतली कुठलीही चाल दोनदा ऐकली की त्याच्या बोटांत आलेली असते. एक डेंटिस्ट आहेत, ते का येतात हे अजून कुणाला कळलेलं नाही. सहावा मी.

मी आलो एका गाण्यासाठी. 'काश्मीर की कली' (१९६४) मधलं 'है दुनिया उसी की'. ओ. पी. नय्यर, रफी आणि ओळींच्या मधे मनोहारी सिंग यांचा सॅक्स. गाणं दारुड्याचं असलं तरी खरी चढलेली आहे ती त्या सॅक्सला. रफी ओळ सोडतात आणि तो भिंतीला हात लावत लावत पुढे येतो.

आता तक्रार. सर पहिली वीस मिनिटं एकेक सूर धरून ठेवायला लावतात. बी, मग ए, मग जी. दोन वर्षांत ते गाणं क्लासात एकदाही वाजवलेलं नाही. घरी येतो, बेडरूमचं दार लावतो, फटीत टॉवेल कोंबतो आणि ट्रॅक लावून वाजवतो. एकादशीला चोरून बटाटेवडा खाल्ल्यासारखं वाटतं.

तर तुम्ही कशासाठी शिकायला लागलात? रोज काय वाजवता, सरगम की गाणी? आणि फ्लॅटमध्ये राहून हा आवाज नेमका करता कुठे?

रीड_अडीच
रविवार, सकाळी ८:१५

टेनर (ऑल्टोपेक्षा मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्स), नेरूळ, चौथं वर्ष. मासुंदा, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

पेटीची पट्टी दाबली की सूर येतोच, वाजवणारा झोपेत असला तरी. सॅक्सवर बोटं अगदी बरोबर असूनही सूर चढतो किंवा उतरतो, कारण निम्मा सूर ओठात, जबड्यात आणि घशात तयार होतो. वरच्या सप्तकात गेलं की आपण घाबरून ओठ आवळतो आणि सूर चढतो. बोटं तीच असतात, फक्त डाव्या अंगठ्याची कळ जास्तीची. म्हणजे चूक बोटांची नव्हेच.

मी पहिलं वर्षभर नुसती ट्रॅकवर गाणी वाजवली. ऑफिसच्या कार्यक्रमात 'रूप तेरा मस्ताना' वाजवलं (तिथेही सॅक्स मनोहारींचाच, 'आराधना', १९६९). टाळ्या पडल्या. घरी येऊन बायकोनं केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि पुढचे तीन आठवडे सॅक्सच्या पेटीचं झाकण उघडलं नाही. ट्रॅकचा आवाज मोठा असला की आपण किती बाहेर आहोत ते आपल्याला सोडून सगळ्यांना कळतं.

एक करून बघा. नुसत्या माऊथपीसला रीड (वेताची पातळ पट्टी) बांधा, नेक म्हणजे वरची वाकडी नळीसुद्धा नको, आणि ट्यूनर लावून फुंका. ऑल्टोवाल्यांना बरेच शिक्षक तिथे पेटीवरची पांढरी सहा (म्हणजे ए) धरायला सांगतात. धरली तरी हलता कामा नये. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची वर पळते.

पिपाणी
रविवार, सकाळी ९:०२

रीड_अडीच यांना +१, पण तुमच्या खाली कोण राहतं ते आधी सांगा.

आमच्या खालच्या मजल्यावर आजी आहेत. गाणं वाजवलं तर काही बोलत नाहीत. लाँग टोन (तोच एकेक सूर धरून ठेवणं) सुरू झाला की पाचव्या मिनिटाला इंटरकॉम. "अरे, तुमच्याकडे कुकरची शिट्टी अडकलीय का?" एकदा खरोखर नातवाला वर पाठवला होता गॅस बघायला.

त्यांना नाट्यगीतं आवडतात. सबब गेले आठ महिने मीही नाट्यगीतंच बसवतोय. लोक विचारतात, काका, एवढं जुनं कसं काय आवडतं? काय सांगू.

काळी_दोन
रविवार, दुपारी १:३०

घणसोली. भजनी मंडळात पेटी वाजवतो, सॅक्सला दीड वर्ष. माझ्या आयडीमागची कथा इथे कामाची आहे.

पहिल्या दिवशी क्लासात सी वाजवला. मला वाटलं पांढरी एक. घरी येऊन पेटीशी लावून बघितलं तर वाजतेय काळी दोन. म्हटलं वाद्य बिघडलेलं दिलं! दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. मग कळलं की ऑल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य, त्याचा सी म्हणजे आपली काळी दोन. टेनर बी फ्लॅटचं, त्याचा सी म्हणजे काळी पाच. ज्यांना हे आधीच माहीत होतं त्यांनी हसून घ्यावं.

याचा आवडीशी काय संबंध? भरपूर. आमचे एक बुवा काळी एकमध्ये गातात. ऑल्टोवर ती बी फ्लॅटची पट्टी पडते, दोनच कोमल खुणा, मजेत वाजतं. दुसरे बुवा पांढरी पाच घेतात. तिथे ऑल्टोला ई मेजर, चार शार्प. पहिल्या बुवांचे अभंग मला फार भावतात, दुसऱ्यांचे तितके नाही, असं मी वर्षभर प्रामाणिकपणे मानत होतो. भूपाचंही तेच. "भूप म्हणजे माझा जीव की प्राण." सा रे ग प ध म्हणजे सी डी ई जी ए, एकही शार्प-फ्लॅट नाही. जीव तिथेच अडकणार ना!

आता रोज एकच अलंकार पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवतो. पहिला महिना शिक्षा वाटली. नंतर एका गुरुवारी दुसरे बुवा गात होते आणि बोटं आपोआप जागेवर पडत गेली.

टाळ_चिपळी
रविवार, दुपारी २:१०

मासुंदा, कीर्तनाच्या घरातली 'ती बाई' मीच. बुधवारी क्लासात बघते तुमच्याकडे.

माझं दुखणं वेगळं आहे. सूर लागतात, पट्टीही जमते, पण अभंगातली मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जिन्याची पायरी उतरल्यासारखं ठक्क वाजतं. वडील म्हणतात, "विठ्ठल म्हणतेस की वि-ठ्ठ-ल अशी हजेरी घेतेस?" कुणाला जमलंय का?

रीड_अडीच
रविवार, दुपारी ३:४५

ताई, दोष तुमचा नाही, बनावटीचा आहे. बासरी किंवा शहनाईची भोकं उघडी असतात, बोट थोडं थोडं सरकवत नेता येतं. सॅक्सची भोकं बोटापेक्षा मोठी, त्यावर चामड्याचं पॅड, आणि आपण दाबतो ती नुसती कळ. अडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बँड होते, विठ्ठल नव्हता.

पण वाट आहे. जबडा किंचित सोडून सूर आधी खाली वाकवायचा आणि कळ अगदी सावकाश, पॅड जेमतेम उठेल इतपत सोडायची. दोन्ही एकत्र जमलं की पायरीचा उतार होतो. आधी फक्त बी ते ए करा.

कद्री गोपालनाथ यांना ऐकलं नसेल तर आजच ऐका. मंगळूरकडचे, वडील नादस्वरम वाजवायचे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्स बघून त्यांना वेड लागलं आणि त्यांनी ऑल्टोवर थेट कर्नाटक संगीत आणलं, गमकांसकट, म्हणजे सुरांना दिलेल्या झोक्यांसकट. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवलं, २००४ मध्ये पद्मश्री. २०१९ मध्ये गेले. त्यांच्या गमका ऐकताना हे कळांचं वाद्य आहे हेच विसरायला होतं.

सागरविहार
रविवार, रात्री १०:२०

वाशी. मी जॅझवाला, त्यामुळे इथे अल्पसंख्य. चार्ली पार्कर आवडतो पण त्याच्या वेगाशी माझा संबंध नाही. मला ऑल्टोवाल्या पॉल डेस्मंडचा आवाज हवाय, कोरडा, पातळ, कुठेही जोर न लावता आलेला. त्याची 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची धून (१९५९) बसवताना क्लासातली सगळी मुलं पाच मात्रांत हरवली. मी लहानपणी तबला शिकलोय. अर्धा झपताल धरला, फक्त विभाग उलटे, आधी तीन मग दोन. पहिल्याच दिवशी सुटलं. सर चकित. तबल्याच्या गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार घातला.

केनी जी (तो गुळगुळीत धुनांचा सॅक्सवाला) आवडतो म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पिपाणी
रविवार, रात्री १०:३१

मला आवडतो केनी जी. बोला.

सागरविहार
रविवार, रात्री १०:३३

तुम्ही आधी आजींची परवानगी घ्या.

सानपाडा_संध्या
सोमवार, सकाळी ११:०५

भांडू नका रे. जागेच्या प्रश्नावर कुणीच बोलत नाहीये, खरा तोच आहे.

मी केलेले प्रयोग, फसलेले आधी. घंटेत (सॅक्सच्या रुंद तोंडात) मोजा कोंबला: फक्त अगदी खालचे दोन-तीन सूर दबतात, आणि नेमके तेच मग नीट लागत नाहीत. बाकी आवाज प्रत्येक उघड्या भोकातून बाहेर येतो, त्यामुळे ट्रंपेटसारखा बूच लावून प्रश्न सुटत नाही. बेसमेंटमधलं पार्किंग: आवाज इतका घुमतो की मी फार थोर वाजवते असं वाटायला लागलं. वॉचमनही ऐकायला यायचा. घरी आल्यावर खरं काय ते कळायचं. तिथे मी सगळी संथ गाणी वाजवायचे, कारण जलद काही वाजवलं की सूर एकमेकांवर चढायचे. गाडीत बसून: ऑल्टो मावतो, काचा बंद, मे महिन्यात दहा मिनिटं.

जे चाललं ते म्हणजे कपाट. उघडं कपाट, हँगरवर सगळ्या साड्या आणि यजमानांचे दोन कोट, आणि घंटेचं तोंड त्यात. आवाज खातं. तिथे आपला कच्चा सूर ऐकू येतो, नटवलेला नाही. सुरुवातीला रडू आलं होतं.

फोनवरच्या अ‍ॅपनं बेडरूममध्ये मोजलं तर नव्वदच्या वर जातं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर वाद्य बाहेर काढायचंच नाही, हा आमच्या घरचा कायदा.

घोडबंदर९५
सोमवार, दुपारी १२:४०

येऊरला जा की. कोण ऐकतंय तिथे?

खाडीकाठ
सोमवार, दुपारी १२:५८

येऊरला बिबटे ऐकतात. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, कृपा करून तिथे वाद्यं, स्पीकर काही नेऊ नका. आधीच लग्नांच्या हॉलांनी तिथे काय चालवलंय ते बघतोच आहोत.

अवांतर: पावसाळा लागलाय. पॅड ओलावतात आणि चिकटतात, जी शार्पची कळ सगळ्यात आधी. वाजवून झालं की आतून फडकं फिरवा आणि चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ रोलिंग पेपर (सिगारेट वळायचा) दाबून ओढून घ्या. पानटपरीवर तो मागताना टपरीवाला ज्या नजरेनं बघतो ती सहन करा. रीड माऊथपीसवर तशीच ठेवून पेटी बंद केली तर आठवड्यात बुरशी. हे अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नका.

कळवा_बँड
सोमवार, रात्री ११:५०

मासुंदाकाका, कळव्याचा तो मी. उशीर झाला, लिहायची सवय नाही.

तुम्ही सगळे लाँग टोन लाँग टोन म्हणताय. आमच्याकडे हा शब्दच नव्हता. वडील क्लॅरोनेट वाजवायचे, मी नववीत असताना मला सॅक्स दिला. पहाटे पाचला उठवून खाडीवर न्यायचे. मला एका जागी उभं करायचे आणि स्वतः चालत लांब जायचे, बांधाच्या टोकापर्यंत. तिथून हात वर केला की मी एक सूर सुरू करायचा. हात खाली येईपर्यंत थांबायचं नाही. त्यांना तो तिथे सारखा ऐकू आला पाहिजे. मधे हलला किंवा बारीक झाला तर ते काही बोलायचे नाहीत, नुसता हात परत वर करायचे. मला लांबून फक्त हात दिसायचा. थंडीत तर तोही नीट दिसायचा नाही.

वरातीत ढोल आणि ताशाच्या वर गाणं पोचवायचं असतं. पाठीमागे जनरेटरची गाडी. तिथे तुमचा ट्यूनर कोण बघणार? सूर लांब गेला पाहिजे आणि नवरदेवाच्या काकांना गाणं ओळखू आलं पाहिजे. म्हणून मला मोठा आवाज आवडतो. सर म्हणतात हळू वाजव, तर मला वाजवलंच नाही असं वाटतं. हळू वाजवायलाच मी क्लासला येतो खरं तर. आता लग्नात डीजे असतो, बँडची कामं कमी झाली. हॉटेलात जेवणाच्या वेळी वाजवायचं काम मिळतंय, तिथे लोकांना आपापसात बोलता आलं पाहिजे एवढंच वाजवायचं.

काका, ते तुमचं गाणं मला येतं. शिकवतो. पण आधी तुमचा जी सूर फार हलतो. रागावू नका.

मासुंदा
पुढचा रविवार, सकाळी १०:१५

रागावलो नाही. दोन दिवस थोडा रुसलो होतो.

आज पहाटे त्याच्याबरोबर खाडीवर गेलो. साडेपाच वाजता. हवा दमट, चिखलाचा वास, पलीकडे गाड्यांचे दिवे. त्यानं मला उभं केलं आणि चालत निघाला. पंचविशीचा पोरगा, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, आणि टोकाला जाऊन त्यानं हात वर केला.

बेडरूममध्ये मी जो सूर बारा सेकंद धरतो तो तिथे चार सेकंदात संपला. भिंती नाहीत ना. घरात खोलीच निम्मं वाजवून देते हे मला माहीतच नव्हतं. हात परत वर. परत. मोजलं नाही, पण ओठाची आतली बाजू अजून हुळहुळतेय. शेवटी एकदा तो हात बराच वेळ वर राहिला आणि मग सावकाश खाली आला.

मग मी हट्टानं ते गाणं काढलं. मोकळ्यावर ते झोकांड्या खाणं जमेचना. सगळं सरळ, कवायत केल्यासारखं. तो म्हणाला, "काका, हे गाणं तुमच्या बेडरूमचंच आहे. टॉवेल लावूनच वाजवा. जी मात्र इथे येऊन करा."

सानपाडाताई, घरी येऊन कपाट उघडलं. सौ. म्हणाल्या, साड्यांना थुंकी लागली तर बघा.

टाळ_चिपळी
रविवार, सकाळी १०:४०

मला न सांगता गेलात? पुढच्या वेळी मी येणार. आणि बी ते ए जमायला लागलंय, दहातून तीनदा. वडील काल ऐकून काही बोलले नाहीत, हे आमच्याकडे कौतुक धरतात.

सागरविहार
रविवार, सकाळी ११:१०

वाशीच्या मिनी सीशोरलाही सकाळी सातपर्यंत फार गर्दी नसते. ट्रान्स-हार्बर लोकलनं या. पेटी डब्यात वर ठेवली की शेजारचे विचारतील शिलाई मशीन आहे का. हो म्हणा, लवकर सुटका होते. पिपाणी, तुम्हीही या. केनी जी वाजवलात तर मी लांब जाऊन हात वर करीन.

दंतकथा
रविवार, रात्री ९:३०

नमस्कार. डेंटिस्ट मी. धागा आठवडाभर वाचतोय, म्हटलं आता उघड व्हावं.

मी का येतो ते. तीन वर्षांपूर्वी एक पेशंट आले, बँडमध्ये सॅक्स वाजवणारे. वरचा पुढचा दात पडला होता, तो बसवून दिला. दिसायला उत्तम, चावायला उत्तम. महिन्याभरानं परत आले, म्हणाले, "डॉक्टर, सूर गळतोय." मी दात तपासला, काही नाही. घासून दिला, परत पाठवला. पुन्हा आले. "इथून गळतोय," म्हणून ओठाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मला काही कळेना, आणि कळत नाही हे कबूल करायची लाज वाटली. मग ते यायचे थांबले.

वरचे दात माऊथपीसवर टेकतात आणि खालच्या दातांवर ओठ घडी करून रीडखाली येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चावताना दातावर येणारा भार वेगळा, हा वेगळा. जुना दात झिजून माऊथपीसच्या उताराला बसलेला असणार आणि मी नवा सरळ, पुस्तकातल्यासारखा करून दिला. असा माझा अंदाज आहे. म्हणून वाद्य घेतलं. संगीतातलं मला विशेष काही कळत नाही, रेडिओ सोडला तर आवड अशी नाहीच.

कळवा_बँड, तुमच्या वडिलांच्या ओळखीत असे कुणी होते का? साठीच्या आसपास, टेनर, वरचा डावीकडचा दात. भेटले तर सांगा, परत या म्हणावं, पैसे नकोत.

कळवा_बँड
रविवार, रात्री ९:५२

डॉक्टर, ओळखतो. आता मुंब्र्याला असतात. अजून वाजवतात, तोंडाच्या उजव्या बाजूनं. बुधवारी क्लास सुटल्यावर माझ्याबरोबर चला.